औषध तळ्याला, पथ्य कोणाला?

धारवाडच्या सुभाष रोडवरून समुद्र दिसत नाही. पण आमच्यासारख्या घरांतून त्याची आठवण पुसली गेलेली नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वी नोकरीधंद्यासाठी किनाऱ्यावरून घाट चढून जी कुटुंबे इकडे आली, त्यांनी देव्हाऱ्यातले देव आणि घरातली कोकणी बोली यांच्याबरोबर माशाची चवही वर आणली. सोमवार, एकादशी आणि श्रावण पाळावा. एरवी कारवार-अंकोल्याकडची टोपली केव्हा उतरते इकडे लक्ष ठेवावे, हा आमच्या घरांचा क्रम. अलीकडे त्या टोपलीशेजारी दुसरी एक टोपली मांडलेली दिसते. तिच्यात रोहू, कटला, मृगळ असे तळ्यात वाढवलेले गोड्या पाण्याचे मासे असतात. जुन्या मंडळींनी प्रथम नाक मुरडले. पण बांगडा आणि इसवण यांचे भाव वाढत गेले, तसतसे ते नाक हळूहळू सरळ होत आले.

गेल्या उन्हाळ्यात ह्या दुसऱ्या टोपलीने आमच्यापुढे एक धर्मप्रश्न आणून ठेवला. १९३३ साली स्थापन झालेल्या मनोहर ग्रंथमालेचा प्रसिद्ध अट्टा ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्यावर वादाला निमित्त सहसा लागत नाही. पण ह्या वेळचे निमित्त वाङ्मयीन नव्हते. देवळाच्या मंडळींपैकी एका घरचा तरुण आपल्या आजीला घेऊन आमच्याकडे आला आणि त्याने दोन बाटल्या आमच्या मेजावर ठेवल्या.

धारवाडच्या पूर्वेस काळी जमीन आणि कापूस, पश्चिमेस मलनाड आणि तळी, हे वाचकांस ठाऊक आहेच. ह्या तरुणाने पश्चिमेकडील एका गावचे तळे मक्त्याने घेतले होते. कर्ज काढून मत्स्यबीज सोडले होते. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी वैशाखात पाणी आटले, मासे दाटीत सापडले आणि पाण्याबाहेर उड्या मारू लागले. काठावरच्या दगडांना अंग घासू लागले. एक धरून पाहिला तेव्हा खवल्यांमध्ये लाल चट्टे, आणि चट्ट्यांवर बसलेले जीव.

त्या जिवांपैकी तीन-चार पहिल्या बाटलीत होते. मसुराच्या डाळीएवढे, चपटे, जवळजवळ पारदर्शक. भिंगातून पाहिले तर पोटाशी चष्म्याच्या काचांसारख्या दोन वाटोळ्या चूषण्या. त्यांच्या बळावर हा प्राणी माशाला चिकटतो आणि सोंडेसारख्या काट्याने त्याचे रक्त शोषतो. शास्त्रात त्याला आर्ग्युलस म्हणतात. मासे पाळणारे त्याला सरळ माशाची ऊ म्हणतात. दुसरी बाटली सीलबंद होती. तिच्यावर कापसाच्या बोंडाचे चित्र होते. बाजारातल्या एका दुकानदाराने ती त्याला दिली होती आणि इतक्या पाण्याला इतके थेंब असा हिशेबही एका चिठ्ठीवर लिहून दिला होता.

“ह्यात पाप आहे का?” तो म्हणाला. “असेल तर सांगा, पण आज सांगा. रोज सकाळी पाचपंचवीस मेलेले निघतात.”

प्रश्नाचा पहिला भाग आम्ही फार वेळ चघळला नाही. ज्या घरात लहान मुलींच्या केसांतून दर आदितवारी बारीक दातांची फणी फिरली, त्या घराने उवांच्या हिंसेविषयी प्रवचन करू नये. शिवाय ह्या बाबतीत आपल्या शास्त्रकारांनी दांभिकपणा केलेला नाही. मनुस्मृतीने गृहस्थाच्या घरातच पाच वधस्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. ह्यांपैकी कोणतेही टाळून संसार होत नाही, आणि ह्यांपैकी प्रत्येकात जीव मरतात. ते टाळा, असे स्मृतिकार म्हणत नाहीत. ते निर्दोष आहे, असेही म्हणत नाहीत. रोज पंचमहायज्ञ करून ते ऋण फेडीत राहा, असे सांगतात. वनपर्वातला धर्मव्याध तर कौशिक ब्राह्मणाला स्पष्टच ऐकवतो की, नांगराच्या फाळाखाली असंख्य प्राणी मरतात, आणि चालताना पायाखालीही मरतात. आमच्या ज्ञातीच्या मूळपुरुषाची शल्यपर्वातील कथा वाचकांना सांगायला नको. बारा वर्षांच्या अवर्षणात इतर ऋषी अन्नाच्या शोधात दाही दिशांना गेले. सारस्वत मुनी मात्र मातेने, म्हणजे सरस्वती नदीने, दिलेले मासे खाऊन तीरावरच राहिले आणि त्यांनी वेद राखले. तेव्हा मासा खाणे आणि माशाची ऊ मारणे, ह्या दोन्ही गोष्टींपुरते आम्ही त्या तरुणाला निर्धास्त केले. कदाचित जरा जास्तच लवकर केले.

कारण ही माशाची ऊ म्हणजे कीटक नव्हे. ती कवचधारी वर्गातली आहे. कोळंबी आणि खेकडा यांच्या गोतातली. आमच्या कोकणीत ज्यांना प्रेमाने सुंगटां म्हणतात, त्यांची ही रक्तपिपासू दूरची बहीण. आणि बोंडाचे चित्र असलेल्या बाटलीतले द्रव्य म्हणजे शेवंतीच्या कुळातील एका फुलाच्या अर्काची रसायनशाळेत केलेली नक्कल. ते मज्जातंतूंवर चालते. माणूस, गाय असे उष्ण रक्ताचे प्राणी ते शरीरात लवकर मोडून टाकतात. माशाला ते तितके जमत नाही, आणि कवचधारी जिवांना तर त्याचा अंशही सोसत नाही. म्हणूनच ते उवांवर गुणकारी. म्हणजे एकाच तळ्यात एकाला जे औषध, ते दुसऱ्याला विष. आणि थेंबांचा हिशेब थोडा चुकला तर ज्याला औषध म्हणून दिले, त्या माशालाही विषच. योग्य योजनेने विषाचेही औषध होते आणि अयोग्य योजनेने औषधाचेही विष होते, हे चरकाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. परंतु चरकासमोर एक रोगी, एक नाडी आणि एक मात्रा होती. तळ्यात रोगी हजारो, निरोगी त्याहून अधिक, आणि औषध सर्वांना एकाच वेळी. तेथे माशाला औषध दिले असे म्हणणे ही भाषेची सवलत आहे. औषध पाण्याला दिलेले असते.

इतका वेळ आजी गप्प होत्या. त्या मूळच्या अंकोल्याच्या. त्यांनी एवढेच विचारले:

“तें उदक मागीर खंय वता?”

ते पाणी मग कुठे जाते? प्रश्न भूगोलाचा वाटला, म्हणून आम्ही भूगोलाने उत्तर दिले. धारवाडच्या सोमेश्वर देवळापाशी शाल्मला उगम पावते. पुढे ती बेडतीला मिळते. बेडती मागोडच्या कड्यावरून खाली झेपावते आणि गंगावळी ह्या नावाने अंकोल्याच्या परिसरात समुद्राला मिळते. म्हणजे आमच्या गावचे पाणी आजींच्या माहेरी जाते, आणि तेथले मासे घाट चढून आमच्या ताटात येतात. हे वर्तुळ सांगताना आम्हांला जरा काव्यानंद झाला. तरुणाने तो लगेच मोडला. तो शिकलेला आहे. हे द्रव्य पाण्यात फार काळ टिकत नाही, ते गाळाला चिकटते आणि काही दिवसांत मोडते; आजीच्या अंकोल्यापर्यंत त्यातले काहीही पोचणार नाही, असे तो म्हणाला, आणि ते खरेच आहे. खोट्या भीतीने केलेला धर्मविचार टिकाऊ नसतो. आजींना मात्र समुद्राची काळजी नव्हतीच. मध्ये कोण राहतो, असे त्यांनी विचारले. मध्ये, म्हणजे तळ्याच्या मोरीखाली, भाताची खाचरे होती. पहिल्या पावसात त्या चरांतून गावची पोरे खेकडे धरतात. त्या खेकड्यांचे गोत वर सांगितलेच आहे.

किनाऱ्यावर हाच प्रश्न मोठ्या आकाराने उभा राहिलेला आहे. गोव्यातील खाजन जमिनी आणि त्यांच्या मानशी आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिलेल्या असतील. कुमठ्याजवळ अघनाशिनीच्या मुखाशी तशाच ‘गजनी’ आहेत. पावसाळ्यात तेथे खारे पाणी सोसणारे कग्गा नावाचे भात होते. भात निघाले की भरतीचे पाणी आत घेऊन त्याबरोबर येणारी कोळंबी वाढू द्यायची. खाणे निसर्गाचे, औषध कसलेच नाही. ह्या पद्धतीत पैसा थोडा आणि रोगही थोडा. पुढे, विसाव्या शतकाच्या अखेरीस, देशाच्या किनाऱ्यावर कोळंबीची दाट शेती आली, आणि १९९४ साली पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला. खारे पाणी, सांडपाणी आणि उजाड झालेली भातशेती ह्यांच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. ११ डिसेंबर १९९६ च्या निकालाने भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या आतील, पारंपरिक नसलेले तलाव मोडण्याचा हुकूम झाला. मग २००५ साली संसदेने किनारी मत्स्यशेतीसाठी स्वतंत्र कायदा करून प्राधिकरण नेमले, आणि २००९ पासून परदेशी व्हॅनामी कोळंबीला परवानगी मिळाली.

त्याच २००९ साली थायलंडमधील शास्त्रज्ञांनी एका सूक्ष्म परोपजीवीचे वर्णन प्रसिद्ध केले. तो कोळंबीच्या यकृतसदृश ग्रंथीत राहतो. कोळंबी सहसा मरत नाही; ती वाढत मात्र नाही. मालक खाणे घालीत राहतो, आणि तीन महिन्यांनी बोटाएवढी निघायची ती पेराएवढीच निघते. बुरशीशी जवळचे नाते असलेला हा जीव पुढे आपल्याकडेही पसरला. त्याच्यावर खात्रीचे औषध नाही. बीज तपासून घ्यावे. हंगाम संपल्यावर तलाव कोरडा करून त्याच्या तळात कळीचा चुना मिसळावा, म्हणजे बीजाणू मरतात. इतकेच उपाय आहेत. तथापि बाटल्या आहेत. जेथे औषध नाही तेथे बाटल्यांची संख्या अधिक, हा अनुभव माणसांच्या रोगांतही येतो. पुष्कळ ठिकाणी तर कोळंबी सोडण्यापूर्वी तलावातील रानटी खेकडे आणि बारीक कवचधारी जीव, ते रोग आणतात म्हणून, कीटकनाशकाने मारून टाकतात. कोळंबीला वाचवण्यासाठी कोळंबीचे गोत संपवायचे!

बुरशीची कथा ह्याहून बोधक आहे. माशांच्या अंड्यांवर आणि जखमांवर कापसासारखी जी पांढरी लव उगवते, तिला सगळे बुरशी म्हणतात. आधुनिक शास्त्र तिला खऱ्या बुरशीत गणत नाही, पण तो वाद येथे नको. ह्या लवेवर १९३० नंतरच्या दशकात एक रामबाण उपाय सापडला: मॅलॅकाइट ग्रीन नावाचा हिरवा रंग. मूळचा रेशीम आणि कातडे रंगवण्याचा. चिमूटभर घातला की बुरशी नाहीशी होई आणि माशाच्या अंगावरचे परोपजीवीही मरत. अंडी उबवणाऱ्या केंद्रांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला. मग असे आढळले की, मासा तो रंग अंगात घेतो, त्याचे रंगहीन रूप करून चरबीत साठवतो, आणि ते तेथे दीर्घकाळ राहते. ते खाणाराच्या प्रकृतीला घातक ठरू शकते असे प्रयोगांवरून दिसल्याने युरोप-अमेरिकेत खाण्याच्या माशांवर त्याचा वापर निषिद्ध झाला. आम्हांला ह्या कथेत ‘रंगहीन’ हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. तळ्यात घालताना हिरवागार दिसणारा पदार्थ ताटात येईपर्यंत दिसेनासा होतो. घालणाऱ्याने पाहिलेले असते; खाणारा पाहू शकत नाही.

फॉर्मॅलिनचे तसेच आहे. जिवंत माशाच्या कल्ल्यांवरील परोपजीवी आणि अंड्यांवरील बुरशी ह्यांसाठी ते अमेरिकेत रीतसर मान्यता असलेले औषध आहे. वैद्यकीय महाविद्यालयात शव टिकवण्यासाठीही तेच. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीत ते असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा गोवा सरकारने बाहेरील मासळीच्या आयातीवर काही दिवस बंदीच घातली. प्रमाण किती, नैसर्गिक किती आणि घातलेले किती, ह्याविषयी पुष्कळ वाद झाले. पण त्या दिवसांत गोव्यातून आमच्याकडे आलेल्या एका वृद्ध आप्तांनी आठ दिवस स्वतः होऊन शिवराक जेवण जेवले. ते म्हणाले, मला विषाची भीती नाही. मला कोणी विचारले नाही, ह्याचा राग आहे.

हा राग आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवला. त्यातच प्रश्नाची किल्ली असावी असे वाटते. येथे आमचे एक रसायनशास्त्र शिकवणारे स्नेही हरकत घेतात, ती नोंदवली पाहिजे. ते म्हणतात, ‘रसायन’ म्हटले की तुम्ही दचकता. मीठ हे रसायन नाही काय? चुना नाही काय? आयुर्वेदात तर जरा आणि व्याधी दूर करणाऱ्या द्रव्यांनाच रसायन म्हणतात. त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. माशाला मिठाच्या दाट पाण्यात क्षणभर बुडवून काढणे, पोटॅशियम परमँगनेटने धुणे, हे जुने आणि पुष्कळसे निरुपद्रवी उपचार आहेत. १९८८ साली ईशान्य भारतात माशांच्या अंगावर व्रण पाडणारा बुरशीजन्य रोग आला आणि हळूहळू देशभर पसरला. तो माणसाला होत नाही. पण लोकांनी भीतीने मासे घेणे सोडले आणि कोळ्यांच्या चुली विझल्या. तेव्हा तळ्यांत चुना पडला. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने त्या रोगावर एक औषधही तयार केले. त्या वेळी तळ्यात औषध घालू नका असे म्हणणारा मनुष्य धार्मिक ठरला नसता. निर्दय ठरला असता. तेव्हा औषध असावे की नसावे, हा वाद आम्ही घालीत नाही.

आमचा प्रश्न पथ्याचा आहे. आपल्या वैद्यकात औषधाइतकाच मान पथ्याला आहे. पथ्य न पाळणाऱ्याला वैद्य औषधच देत नसे. मासा मात्र पथ्य पाळू शकत नाही. तो औषधातच पोहतो, औषधच श्वासात घेतो आणि मालक टाकील ते खातो. मग त्याचे पथ्य कोणी पाळायचे? ज्याने तळ्यात दाटी केली, त्याने. परोपजीवी हा तळ्यात नेहमीच थोडा असतो. मासे विरळ असतील तर तो आपल्या पायरीने राहतो. दाटी झाली, पाणी तापले, तळाशी घाण साचली, म्हणजे त्याचे राज्य येते. दाटी मालकाच्या हिशेबाने होते, आणि त्या हिशेबाचा रोग माशाला होतो. औषध घालून तो रोग हटवता येईल. पण दाटी तशीच ठेवली, तर औषध माशाला दिले की हिशेबाला?

पथ्याचा दुसरा भाग थांबण्याचा. युरोपात २०२२ पर्यंत एक नियम होता. ज्या औषधाला माशांसाठी स्वतंत्र मुदत ठरलेली नाही, ते दिल्यावर पाण्याचे उष्णतामान आणि दिवस ह्यांचा गुणाकार ५०० भरेपर्यंत तो मासा खाण्यासाठी काढायचा नाही. आमच्याकडील उन्हाळ्यातले पाणी ३० अंश धरले तर सतरा दिवस. ह्या सतरा दिवसांत मासा खाणे मागतो, कर्ज व्याज मागते, आणि व्यापाऱ्याची गाडी दाराशी येऊन परत जाते. धर्म सतरा दिवसांचा असतो, तेव्हा तो ग्रंथातल्यापेक्षा फार जड लागतो. आणि तिसरा भाग सांगण्याचा: काय घातले, केव्हा घातले, हे घेणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. जे नाव ताटावर उच्चारता येत नाही, ते तळ्यात ओतताना हात थांबावा.

हे केवळ आपल्या गरीब देशाचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. नॉर्वेसारख्या संपन्न देशात समुद्रातल्या पिंजऱ्यांत सामन मासे वाढवतात. त्यांनाही उवा होतात. एकामागून एक औषधे झाली. उवांनी ती पचवली. मग उवा वेचून खाणारे लहान मासे पिंजऱ्यांत सोडण्यात आले. उपाय निसर्गाचा, म्हणून सर्वांना आनंद झाला. पण हे सेवक मासे त्या पिंजऱ्यांत फार मोठ्या संख्येने मरतात. औषधाची बाटली टाकून दिली, तिच्या जागी जिवंत औषध आले. दाटी होती तशीच राहिली.

त्या संध्याकाळी आम्हांला अनुशासनपर्वातले च्यवनाचे आख्यान आठवले. च्यवन ऋषी गंगा-यमुनेच्या संगमात, पाण्याच्या आत, बारा वर्षे व्रतस्थ राहिले. मासे त्यांच्याभोवती निर्भयपणे फिरत. एके दिवशी कोळ्यांनी जाळे टाकले आणि माशांबरोबर ऋषींनाही ओढून काढले. कोळी घाबरून पाया पडले. च्यवन त्यांच्यावर रागावले नाहीत. तडफडणारे मासे पाहून त्यांनी सुस्कारा टाकला आणि सांगितले की, ह्यांच्या सहवासात मी राहिलो आहे. आता मरेन तर ह्यांच्याबरोबर, विकला जाईन तर ह्यांच्याबरोबर. मग नहुष राजा आला आणि त्यांचे मोल करू लागला. हजार, लाख, कोट, अर्धे राज्य, सगळे राज्य. एकही मोल ऋषींना योग्य वाटेना. शेवटी एका गाईच्या मोलाने त्यांचे समाधान झाले. कोळ्यांनी ती गाय ऋषींनाच अर्पण केली, आणि त्यांच्या आशीर्वादाने कोळी आणि मासे दोघेही स्वर्गाला गेले. कथेने कोळ्यांना नरकात टाकलेले नाही, हे आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. कथेला खटकते ते मोल ठरवणे. ज्याच्या पाण्यात आपण राहिलो त्याच्यापासून आपले भाग्य वेगळे काढून घेणे, हे च्यवनाला जमले नाही.

तळ्याचा मालक माशांच्या सहवासात राहतोच. हा तरुण रोज ठरावीक वेळी काठावर येऊन पेंड आणि कोंडा टाकतो, आणि त्याच्या पावलांच्या आवाजाला पाणी हलू लागते, असे त्यानेच आम्हांला सांगितले होते. आमच्या दक्षिण कन्नडात शिशिल येथे कपिला नदीच्या डोहात देवाचे मासे आहेत. ते कोणी धरीत नाही. १९९६ साली कोणी दुष्टांनी त्या डोहात विष घातले आणि हजारो मासे मेले. गावाने त्या माशांचे स्मारक उभारले. खाण्याचे मासे आणि देवाचे मासे ह्यांत फरक आहे, हे आम्ही जाणतो. पण पाण्यात हात घालण्यापूर्वी ते स्मारक एकदा डोळ्यांपुढे यावे.

आम्ही त्या तरुणाला सांगितले, ही बाटली ओतू नका. त्याऐवजी जुना उपाय करा. ही ऊ अंडी घालण्यासाठी माशाला सोडून कठीण पृष्ठभाग शोधते. तळ्यात बांबू आणि लाकडी फळ्या रोवून ठेवाव्या, आठवड्याने काढून उन्हात कडकडीत वाळवाव्या, म्हणजे अंडी मरतात. आणि मासे विरळ करा. त्याने ते केले. तिसरा हिस्सा मासे वेळेआधीच काढून, वजन भरले नसताना, पडत्या भावाने विकले. फळ्या रोवल्या. पावसापर्यंत उवा आटोक्यात आल्या, पण तोवर पुष्कळ मासे गेले होते. कर्जाचा एक हप्ता चुकला.

येथे आम्हांला आमच्याविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. उपदेश करताना आमचा एक पैसाही खर्च झाला नव्हता. तो हप्ता आम्ही भरला नाही. भरावा असे आमच्यापैकी कोणाला सुचलेही नाही. दसऱ्याच्या सुमारास त्याने आणलेल्या रोहूचा भाव बाजारापेक्षा किलोमागे वीस रुपये अधिक होता, तेव्हा आमच्याच घरात कुरकुर झाली. मनूने वधाचे भागीदार मोजताना मारणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा असे सगळे एका ओळीत बसवले आहेत. पथ्याचे भागीदारही त्याच ओळीत बसतात, हे आम्ही त्या दिवशी त्या तरुणाला सांगितले नव्हते, कारण त्या ओळीत आम्हीही होतो. ज्याला धर्म सांगावा त्याच्या तोट्यातला वाटा उचलावा, असा नियम असता तर जगात उपदेशक फार थोडे उरले असते.

मक्त्याची मुदत संपली. यंदाच्या लिलावात ते तळे दुसऱ्या एका गृहस्थाने चढ्या बोलीने घेतले. त्याने बीज दुप्पट सोडले आहे असे ऐकतो. आपला तरुण सध्या हुबळीस एका दुकानात हिशेब लिहितो.

परवा आजी देवळात भेटल्या. आता बाजारातल्या टोपलीत त्या तळ्याचा मासा कोणता आणि दुसरा कोणता, हे कसे ओळखावे, असे त्यांनी आम्हांला विचारले. आम्ही कल्ले पाहावे, डोळे पाहावे, असे काहीतरी सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले, आणि मग त्या म्हणाल्या की, कल्ले पाहून मासा ताजा आहे की शिळा, एवढेच कळते.